जळक्या तेलाचा हिशेब कोण ठेवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी तोंडावर आली की आम्हा फरसाणवाल्यांच्या भट्ट्या पहाटेपासून पेटतात आणि जळकं तेल घ्यायला माणसं दारात येतात. टेम्पो लावायचा, डबे काट्यावर चढवायचे, रोख पैसे मोजायचे, चालले. पावती नाही, नावगाव नाही. 'कुठं जातंय ओ हे?' म्हटलं की ठरलेलं उत्तर, 'बायोडिझेलला.' जात असेल तर चांगलंच आहे. पण तेच तेल गाळून कुणाच्या कढईत पुन्हा पडत नाही, हे कशावरून?

नियम आहेत. तेलातील पोलर संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं तयार होणारे घटक) 25 टक्क्यांवर गेली की ते तेल तळणीला चालत नाही, हे 2018 पासून लागू आहे. तळणीला रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यानं त्याची नोंद ठेवायची आणि टाकाऊ तेल नोंदणीकृत संकलकालाच द्यायचं, हे 2019 पासून. मेख त्या 50 लिटरमध्ये आहे. रंकाळ्यावरचा भजीवाला किंवा कोपऱ्यावरची वड्याची गाडी एवढं तेल वापरतच नाही. रात्री गाडी आवरताना तळाचा काळा गाळ गटारात ओतला जातो. गटार जयंती नाल्याला मिळतं, नाला पंचगंगेला. नदीत मासे मेले की आपण कारखान्यांकडे बोट दाखवतो (ते चुकीचं नाही म्हणा), पण पाण्यावरचा तेलाचा तवंगही हवा आत जाऊ देत नाही.

बायोडिझेल करणं अवघड नाही, धास्ती त्याचीच वाटते. तेलात मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) आणि कॉस्टिक सोडा घालून तापवलं की ग्लिसरीन तळाला बसतं, वर इंधन राहतं. मिथेनॉल ठिणगीनं पेट घेतं, पोटात गेलं तर डोळे जातात. शिवाय हे इंधन पाण्यानं धुतलं तर त्या पाण्यात साबण, अल्कली आणि उरलेलं मिथेनॉल उतरतं. ते सोडणार कुठं? सांडपाण्यासाठी 1974 चा जलप्रदूषण कायदा आहे, पण एखाद्या शेडमध्ये गुपचूप चालणाऱ्या धंद्याला तो कोण दाखवणार?

गाडीत घालायच्या बायोडिझेललाही आयएस 15607 हे भारतीय मानक आहे. तरी त्या नावाखाली भलतंच तेल विकणाऱ्यांवर राज्यात छापे पडलेच. डिझेलमध्ये 2030 पर्यंत 5 टक्के बायोडिझेल मिसळायचं केंद्राचं लक्ष्य आहे. तेल असंच बिनपावतीचं फिरणार असेल तर ते कशाच्या जोरावर गाठणार? आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्याच्या मळीचा हिशेब उत्पादन शुल्क खातं काटेकोर ठेवतं. तळणीच्या तेलाला एक साधी वही का नसावी?

महापालिकेनं प्रभागवार संकलनाचा वार ठरवावा, गाड्यावाल्याच्या पाच लिटरचीही पावती द्यावी. अन्न व औषध प्रशासनानं नोंदणीकृत संकलकांची यादी प्रत्येक विभागीय कार्यालयात लावावी. दिवाळीच्या आत निदान यादी तरी लागावी, म्हणजे यंदाचे डबे कुणाला द्यायचे ते आम्हाला कळेल.

– एक फरसाण विक्रेता, शाहूपुरी, कोल्हापूर