पावसाळ्याआधी सर्पदंशाच्या लसीसाठी आवाहन : बडोद्यातील कुत्री पाळणाऱ्या कुटुंबांना

सप्रेम नमस्कार,

मृग लागण्याआधी हे आपल्यापर्यंत पोचावे म्हणून घाईने लिहीत आहे. विश्वामित्री नदी चढली की बिळांत पाणी शिरते आणि साप कंपाउंडमध्ये, कुंड्यांमागे, गाड्यांखाली येतात. ऑगस्ट 2024 च्या पुरानंतर हे कुणाला नव्याने सांगायला नको. कुत्रा नाक पुढे करून हुंगायला जातो, म्हणून दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो.

मंडळाच्या औषधांच्या कपाटात आज जे आहे, ते मोजक्या माणसांच्या पुण्याईने. दांडिया बाजारातल्या आजींनी पेन्शनमधून लसीच्या पहिल्या व्हायल (कुप्या) घेऊन दिल्या. ही लस म्हणजे दंशानंतर द्यायचा विषावरचा उतारा, आधी टोचून ठेवायची लस नव्हे. रावपुऱ्यातल्या केमिस्टनी खरेदीच्या भावाने बिल केले आणि मुदत सरत आलेला माल कधी माथी मारला नाही. एका कुटुंबाने लेकीच्या लग्नात आहेर न घेता फ्रिज दिला. मध्यरात्री दार उघडणारे आपले पशुवैद्य आणि हाकेसरशी येणारे मांजलपूरचे सर्पमित्र यांचे ऋण तर फिटणारेच नाही. गेल्या वर्षीचे आवाहन मोबाइलवर भरपूर फिरले, ‘स्तुत्य उपक्रम’ असे शेरेही आले; व्हायल मात्र पुन्हा त्याच घरांतून आल्या. याचे वाईट वाटते.

घोणस (गुजराती वॉचमन ‘खडचितळो’ म्हणेल) चावली तर थोबाड झपाट्याने सुजते, जखमेतून पातळ रक्त वाहत राहते, हिरड्यांतून रक्त येते, लघवी तांबूस-तपकिरी होते. पुढे मूत्रपिंडे जातात. फुरशाचे विषही रक्तावरच काम करते. नागाच्या दंशात सूज असतेच, पण पापण्या मिटू लागणे, लाळ गळणे, भुंकणे घोगरे होणे आणि मागचे पाय लटपटणे दिसले की श्वास धोक्यात आहे असे समजावे. सर्वांत फसवी मण्यार, इथला ‘काळोतरो’. ती रात्री चावते. सूज नाही, खूण सापडत नाही, कित्येक तास कुत्रा बरा दिसतो आणि मग अंगातले त्राण जाऊन श्वास बंद पडतो. सूज नाही म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

आधी गळ्यातला पट्टा काढा; सूज मानेवर उतरली की तोच फास होतो. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. दंशाची वेळ लिहून ठेवा. दोरी आवळणे, चिरा देणे, बर्फ, चुना, हळद यातले काही नको. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच नकोत. घोणसदंशात रक्त आधीच गोठत नसते, त्यांनी रक्तस्राव आणखी वाढतो. सुजलेल्या तोंडाला मुसकी बांधू नका. सापाच्या मागे लागू नका, जमल्यास लांबून फोटो घ्या.

लहान कुत्र्याला लस कमी लागते हा समज घातक आहे. लस विषाच्या प्रमाणात लागते, वजनाच्या नव्हे, आणि सापाने पॉमेरेनियनच्या अंगातही तेवढेच विष सोडलेले असते. एका व्हायलमध्ये भागेलच असे नाही. घोणस-फुरशाच्या दंशात लस हवी का हे पाहायला पशुवैद्य 2 मिलि रक्त काचेच्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवून नळी तिरकी करतात. गोठले नसेल तर लस हवी, आणि काही तासांनी तीच चाचणी पुन्हा. एकच कुत्रा अख्खा साठा संपवू शकतो. सरकारी रुग्णालयातला साठा माणसांसाठी आहे, तो मागायला जाऊ नये.

हवे : पॉलीव्हॅलंट (वरच्या चारही सापांवर चालणाऱ्या) लसीच्या 20 व्हायल (पावडरीच्या, मुदत किमान वर्षभर, पशुवैद्यांच्या चिठ्ठीवर घेऊन बिलासह द्याव्यात), सलाइन, ॲड्रेनालिन (लसीचीच रिॲक्शन येते तेव्हा लागते), ॲट्रोपिन व निओस्टिग्मिन (नागदंशात अंग लुळे पडू लागते तेव्हा), कोऱ्या काचेच्या नळ्या (साबणाने धुतलेल्या नकोत, चाचणी चुकते). रोख वा चेक कार्यालयात, सायं. 6 ते 8, सोमवार बंद, पावती घ्यावी. रात्री गाडी देऊ शकणाऱ्यांनी तिथेच नाव नोंदवावे.

आपला,
चिटणीस