शंभर टक्क्यांचा सल्ला

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

‘सगळी गाणी शंभर टक्क्यांवर आणा, आवाज आपोआप सारखा होईल’ हा रविवारच्या पुरवणीतला सल्ला वाचला. म्हणजे प्रत्येक गाण्यातला सगळ्यांत मोठा आवाज कमाल मर्यादेला नेऊन ठेवायचा. लेखकमहाशयांनी तसा पेनड्राइव्ह करून दोन गाणी लागोपाठ ऐकली असती, तर बरं झालं असतं.

आमच्याकडे हा प्रयोग पैसे मोजून झालाय. वडिलांच्या ३९ कॅसेटी दादरच्या एका दुकानात एमपी३ करायला दिल्या होत्या. त्यांत घरच्या बैठकीची एक. तिच्यात मामा नेमके माइकशेजारी बसून खोकले. झालं! सगळ्यांत मोठा आवाज त्या खोकल्याचा, म्हणून तोच शंभर टक्के धरला गेला आणि गाणं बिचारं तळाशी राहिलं. पुढची फाइल लग्नातल्या डीजेची, मुळातच सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्या आवाजात दाबून भरलेली. शंभर टक्के दोन्ही, कागदोपत्री अगदी सारखी! पहाटे साडेपाचला मालकंस ऐकू यावा म्हणून मी आवाज वाढवायची आणि डीजे सुरू झाला की वरच्या मजल्यावरच्या वहिनी खाली यायच्या. दुकानदार म्हणाला, ‘‘लेव्हल करून दिलंय, ताई.’’

आवाजाचं टोक आणि कानाला जाणवणारी पातळी यांत फरक आहे, एवढं तरी लेखात यायला हवं होतं. जाणवणारी पातळी मोजून गाणी सारखी करायची रिप्लेगेन ही पद्धत २००१ पासून आहे, काल आलेली नाही. शेवटी भाचीने त्याच पद्धतीचं एमपी३गेन हे सॉफ्टवेअर चालवलं. ते सरासरी जाणवणारा आवाज मोजून फाइल ८९ डेसिबलच्या आसपास आणतं, दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी. गाणं पुन्हा एन्कोड होत नाही, मूळ पातळीही परत आणता येते. एकाच मैफलीच्या फायली असतील तर ‘अल्बम’चा पर्याय घ्यावा, नाहीतर विलंबित आणि तराणा एकाच मापाचे होऊन बसतात.

आता मालकंस स्वच्छ ऐकू येतो. गाणं वर आणल्यामुळे मामांचा खोकला तेवढा मर्यादेबाहेर जाऊन फाटतो. फाटू दे, प्रत्यक्षातही तो तसाच होता. दुकानदाराने भरतानाच ज्यांचा आवाज फाडला त्या चार कॅसेटींचं मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने काही होत नाही.

लेख चष्मा लावून दोनदा वाचावा लागला. नारिंगी पट्ट्यावर पांढरी बारीक अक्षरं छापायची कल्पना कुणाची? आणि गेल्या तीन रविवारच्या शब्दकोड्यांची उत्तरं कधी देताय?

आपली,
एक जुनी वाचक, माहीम