आई, चटई घेऊन ये

जरीपटका, नागपूर
७ डिसेंबर २०२५

प्रिय आई आणि बाबा,
प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम.

रोज फोन होत असताना पत्र कशाला, असे बाबा म्हणतील. फोनवर आई मला बोलू देत नाही हे एक कारण. दुसरे असे की, जे सांगायचे आहे ते तिचा आवाज ऐकत असताना माझ्याच्याने सांगून होणार नाही.

आधी निर्णय सांगते. नाताळ तुमच्या घरी, तुमच्याच मंडळीत, तिथल्या चर्चमध्ये होईल. नव्या वर्षाची उपासना झाली की ३ जानेवारीला, शनिवारी, तुमचे जावई गाडी घेऊन यवतमाळला येतील आणि तुम्ही दोघे नागपूरला राहायला याल. खालची खोली रंगवून झाली आहे, संडासात धरायला दांडी आणि न्हाणीघरात गिझर बसवला आहे, बाबांच्या आरामखुर्चीसाठी खिडकीजवळची जागा मोकळी ठेवली आहे. तुम्हाला न विचारता हे सगळे केले याचे मला वाईट वाटते; पण विचारले असते तर आई "प्रार्थना करून सांगते" म्हणाली असती, आणि गेली तीन वर्षे ती प्रार्थना करूनच सांगते आहे.

आई, तुझी खरी अडचण मला ठाऊक आहे. पाणी, शेजार, बाबांचे मित्र ही पुढे करायची कारणे झाली. तुला मधल्या खोलीतला कपाटाजवळचा तो कोपरा सोडवत नाही, जिथे तू पहाटे साडेचारला चटई टाकतेस. तेवढ्या भागातल्या फरशीचा रंगही आता वेगळा झाला आहे. लहानपणी मला जाग यायची ती तुझ्या कुजबुजीने. डोक्यावरून पदर ओढून तू एकेक नाव घेत असायचीस: आधी मोठे मामा, मग केडगावची आजी, मग गल्लीतली आजारी माणसे, परीक्षेला बसलेली मुले, आणि अगदी शेवटी आम्ही. माझे नाव येईपर्यंत मी डोळे मिटून वाट पाहत असे आणि ते आले की पुन्हा झोपून जात असे. एकदा ते आलेच नाही असे वाटून मी रडत उठले, तेव्हा तू प्रार्थना न थांबवता मला चटईवर ओढून पदराखाली घेतलेस. त्या पदराला रॉकेलचा वास होता. अजून कुठे तो वास आला की मला कोणीतरी माझे नाव घेत आहे असे वाटते.

त्याच चटईवरून उठताना तू गेल्या महिन्यात पडलीस. बाबांची झोप मोडू नये म्हणून दिवा लावला नव्हतास. मनगटाला प्लास्टर घातले तरी चार दिवस मला कळू दिले नाहीस. मी रागावलेली नाही असे तेव्हा म्हणाले, ते खोटे होते.

दुसरे खोटे याहून मोठे आहे. रात्री फोन ठेवताना तू विचारतेस, "प्रार्थना झाली?" आणि मी "हो" म्हणते. धाकटीच्या जन्मानंतर जवळजवळ सहा वर्षे ते "हो" खरे नव्हते. ठरवून सोडली असे नाही. सकाळचे डबे, शाळेची रिक्षा, वेळेत बँकेत पोचून रोखपालाबरोबर आपापल्या किल्लीने तिजोरीची खोली उघडणे, आणि रात्री बायबल हातात घेतले की दुसऱ्या वचनाला लागणारा डोळा, यांत ती कधी गळून पडली ते मला कळलेच नाही. महिला मेळाव्यांत पहाटे चारला उठणाऱ्या बाईची थोरवी सांगतात; त्याच चार वाजता कोणाच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसलेल्या बाईचे काय, हे कोणी बोलत नाही. मला तर त्या भाषणांनी प्रार्थनेपासून जितके दूर नेले तितके कामानेही नेले नसेल. प्रभू घरी आला तेव्हा सरबराईत गुंतलेल्या मार्थेवरही आपल्याकडे जरा अन्यायच होतो. तू फार दगदग करतेस असे प्रभू तिला म्हणाला खरा, पण जेवायला नको असे काही म्हणाला नाही.

तरीही काय बिघडले ते मी पाहिले आहे. मनातली तक्रार देवापुढे मांडण्याची सवय सुटली की ती घरातल्या माणसांवर निघते. एका संध्याकाळी दुधाचे पातेले कलंडले म्हणून मी धाकटीला इतके बोलले की ती शांतपणे म्हणाली, "आजी असं बोलत नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही.

या वर्षीच्या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मी मेट्रोत प्रार्थना करू लागले. हसू नका. इंदोरा चौकाला चढते, दार बंद झाले की "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू करते, आणि पुढे तुझ्यासारखीच नावे: कडबी चौकाला तुम्ही दोघे, गड्डीगोदामला मुली आणि त्यांचे बाबा, कस्तुरचंद पार्कला बँकेतली ती बाई जिच्याशी माझे पटत नाही, झिरो माइलला आजारी माणसे, आणि सीताबर्डीला आमेन. कस्तुरचंद पार्क फार लवकर सुटते; तिचे नाव ओठांवर येईपर्यंत बऱ्याचदा गाडी हललेली असते. शिवाय दिवसभर थकलेल्या कर्जाच्या नोटिसा काढणाऱ्या बाईला "आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" हे म्हणताना रोज अडखळायला होते, आणि ते अडखळणेच मला उपयोगाचे वाटते. बायबलातली हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करत होती, तेव्हा तिचे ओठ हलताना पाहून एली याजकाला ती प्यायलेली वाटली होती. समोर बसणाऱ्या कॉलेजच्या मुलीला माझ्याविषयी काय वाटते कोणास ठाऊक!

हे सांगते ते जागेचा धाक तुझ्या मनातून जावा म्हणून. केडगावच्या आजीकडून तूच ऐकलेस ना, की १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनातले ते मोठे आत्मिक जागरण तिथे राहणाऱ्या मुलींच्या रोजच्या प्रार्थनेतून उभे राहिले? त्या मुलींपैकी कोणाला स्वतःची खोली होती? दळण, शेती, विणकाम, छापखाना, यांतूनच त्यांची वेळ निघत होती. संदेष्टा दानीएल तर परक्या मुलखात होता. दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे आणि यरुशलेमेकडच्या खिडक्या तेवढ्या उघड्या ठेवत असे. तुझ्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे, यवतमाळ जरा दक्षिणेकडे पडते, पण दानीएलाइतकी काटेकोर होऊ नकोस.

बाबा, आता तुम्ही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा ख्रिस्ती मंडळ्या मिळून उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली आणि तुम्ही त्या गर्दीत उभे होता, हे आम्ही दरवर्षी ऐकतो. सहा मंडळ्या एकत्र नांदू शकतात तर आपण सहा माणसे का नाही? रविवारी तुम्हाला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला नेईन. रात्रीच्या कुटुंब-प्रार्थनेत शास्त्रपाठ तुम्हीच वाचायचा. मोठ्या अक्षरांचे बायबल आणले आहे, आणि डोळे दुखले तर थोरली वाचेल, तिचे जोडशब्द तेवढे तुम्ही सुधारा. खरे सांगायचे तर तुमची सोय हा अर्धाच भाग आहे. माझ्या घरात ही वेळ मला एकटीला बसवता येत नाही.

घर विकायचे नाही. किल्ली शेजारच्या काकूंकडे राहील, उन्हाळा संपला की महिनाभर जाऊन राहा. आई, तुझ्या गुरुवारच्या प्रार्थनेतल्या बायकांशी मी बोलून ठेवले आहे. त्या तुला फोनवर मध्ये घेतील आणि शेवटची प्रार्थना तूच करायची.

तोपर्यंत नीट ऐक. गुडघे टेकायचे नाहीत. हाताची खुर्ची घेऊन बसायचे, दिवा लावायचा, पायांत मोजे घालायचे. थंडी वाढली आहे. उपवास-प्रार्थनेच्या शुक्रवारी शुगरची गोळी घेऊन उपाशी राहायचे नाही. त्या दिवशी काय करायचे ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवासच करायचा नाही. बाबा, तुम्ही जागे झालात तर झोपेचे सोंग घेऊ नका, उठून तिच्याजवळ बसा. मी जास्त बोलले असेन तर दोघांनी माफ करा.

चटई मात्र आण. खुर्चीवर घडी करून घालू. आणि धाकटीची खाट तुमच्या खोलीच्या दाराशीच ठेवली आहे, तेव्हा पहाटे फार हळू कुजबुजू नकोस.

तुमची,
बेबी