माझं माशाचं तिखलं तपासता, मग जिममधल्या पावडरीचा डबा कोण तपासणार? मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

राज्यातल्या माणसांच्या पोटात काय जातं यावर लक्ष ठेवणं आपल्या अन्न व औषध खात्याचं काम, म्हणून हे पत्र आपल्याला. मी मालवण तालुक्यात खाणावळ चालवते. परवाना भिंतीवर काचेत लावला आहे. फ्रीज, तेल, पाण्याची टाकी, बायकांच्या डोक्यावरच्या टोप्या, सगळं आपले अधिकारी येऊन बघून जातात. बघावंच. मागच्या खेपेला सोलकढीच्या पातेल्यावर झाकण अर्धवट होतं म्हणून बोलणी खाल्ली, मुकाट्याने.

त्याच रस्त्याला, हाकेच्या अंतरावर, जिमच्या काउंटरवरून सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या जातात. तिथलं झाकण बघायला अजून कुणाला सवड झालेली नाही.

माझा मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. 1600 मीटर तो आरामात मारायचा. अडायचं ते छातीवर: न फुगवता 79 सेंटिमीटर आणि फुगवून आणखी 5. शिवाय 7.260 किलोचा गोळा. ट्रेनरने आधी ‘मास गेनर’चा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, डबा गळ्यात मारला, मग त्या पुडीतल्या गोळ्या. अंग भरलं, खोटं कशाला बोलू? शर्टाच्या बाह्या दंडाला घट्ट झाल्या. मग लघवी काळपट झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे पडले. गावात कावीळ म्हटली की एकच शंका. बाजारात मला एकीने सरळ विचारलं, “तुझो झील दारू पिता काय गो?” माझा मुलगा सोलकढीशिवाय दुसरं काही पीत नाही.

गोव्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून पहिलाच प्रश्न केला, “जिमला जातोस? गोळ्या कसल्या घेतोस?” मग समजावलं: अंग भरायला तोंडाने घेतात ते स्टेरॉइड, म्हणजे पुरुषी हार्मोनची नक्कल, यकृतात लगेच निकामी होऊ नयेत म्हणून त्यांची घडणच बदललेली असते, आणि त्याचा मार यकृतालाच बसतो. बाहेरून हार्मोन मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, बंदही करतं. वीस-बावीस वर्षांच्या पोरासमोर डॉक्टर हे सांगत होते आणि तो जमिनीकडे बघत होता.

भरतीचं मैदान आलं नि गेलं. खाणावळ ऐन सीझनला बंद, बचत गटाचे हप्ते थकले, रोजच्या गिऱ्हाइकांनी दुसरी पानं धरली. रात्री दोन वाजता त्याच्या पाठीला खाज सुटली की मी ओलं फडकं घेऊन बसायचे. हे आपल्याला सांगून काय उपयोग, पण मग कुणाला सांगू?

मी तक्रार केली. कार्यालयात म्हणाले, फोडलेला डबा चालत नाही, सीलबंद आणा. म्हणून माझ्याच पैशांनी, त्याच दुकानातून, तोच डबा पुन्हा विकत घेतला! अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा आहे. कलम 40 प्रमाणे गिऱ्हाईक फी भरून नमुना तपासून घेऊ शकतं, आणि कलम 46 म्हणतं की विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यावा. नमुना श्रावणात दिला. गणपती येऊन गेले, दसरा झाला. विचारायला गेलं की ‘वरून आला नाही’. हे वर म्हणजे नक्की कुठे, साहेब? तुमच्याकडे, की त्याच्याही वर?

मी पावडरीच्या विरोधात आहे असं समजू नका. क्रिएटिनवर, म्हणजे ताकदीसाठी घेतात त्या पुडीवर, भरपूर संशोधन झालंय, निरोगी माणसाला दिवसाला 3 ते 5 ग्रॅम चालतं, हे डॉक्टरांनीच सांगितलं. प्रश्न हा की डब्यात तेच आहे हे सांगणार कोण? 2024 मध्ये देशात विकल्या जाणाऱ्या 36 प्रोटीन पावडरी काही डॉक्टरांनी तपासल्या, तर जवळपास 70 टक्क्यांत डब्यावरचा आकडा नि आतला माल जुळेना. काहींत तर प्रोटीन निम्मंच. आणि ‘मास गेनर’ म्हणजे बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, पचायला हलकं पिष्ट. सोन्याच्या भावाने पेज विकण्यातला प्रकार! प्रोटीन मोजताना त्यातला नायट्रोजन मोजतात, म्हणून ग्लायसिनसारखं नायट्रोजन असलेलं स्वस्त द्रव्य मिसळलं की आकडा फुगतो. हे मला माझ्या भाच्याने समजावलं, तो फार्मसी शिकतो. खाणावळवालीला कळतं ते खात्याला कळत नाही?

पोराला हवं ते आमच्या चुलीवरच होतं. वजनं उचलणाऱ्याला किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे 60 किलोच्या मुलाला 96. शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीस-वीस, अंड्यात 6, शंभर ग्रॅम कुळथात 22. दोन बांगडे, चार अंडी, डाळ, कुळथाची पिठी, वर दूध, की आकडा जवळ येतो. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बोटी बंद, तेव्हा सुकट आहेच. बाकी उचलायचं वजन हळूहळू वाढवायचं, प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा काम द्यायचं आणि रात्री मोबाइल ठेवून झोपायचं. यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून हे कुठला ट्रेनर सांगत नाही. बायकांना ‘पोटाची चरबी जाळणारी’ पूड विकतात, तीही थापच. चरबी उतरवायची तर खर्चापेक्षा थोडं कमी खावं लागतं, आणि ती अंगावरून कुठून आधी उतरेल हे पूड ठरवत नाही.

पण प्रथिनांचं तुम्हाला सांगून काय? 2023 मध्ये सरकारने शाळेत आठवड्याला एक अंडं सुरू केलं. 2025 च्या जानेवारीत त्याचे पैसे बंद, शाळांनी लोकवर्गणी काढावी म्हणे! पोरांचं अंडं परवडत नाही, भाषणाचा मांडव परवडतो. किनाऱ्यावर खुली व्यायामशाळा दिलीत, खाऱ्या हवेने साखळ्या गंजून तुटल्या. देणाऱ्याच्या नावाची पाटी मात्र अजून चकचकीत. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं 4 डिसेंबर 2023 ला अनावरण झालं, 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला, आणि लगेच समिती बसली. महाराजांसाठी बसायलाच हवी होती. माझ्या मुलाच्या यकृतासाठी निदान एक कारकून तरी उठेल? महामार्गाचं तर बोलतच नाही, गोव्याला त्याला घेऊन जाताना प्रत्येक खड्ड्याला तो कण्हत होता.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या निम्म्या जागा रिकाम्या आहेत, असं इथे सगळेच म्हणतात. खोटं असेल तर खरा आकडा छापा. ज्या भरल्या आहेत ते लोक माझ्या पातेल्याचं झाकण तपासतात, कारण मी पळून जात नाही.

मागणं एवढंच. जिल्ह्यातल्या जिममध्ये विकला जाणारा माल नमुने घेऊन तपासा आणि निकाल नावानिशी छापा. पुरवणी आहारात स्टेरॉइड टाकायला बंदी आहेच, ती कागदावरून दुकानात आणा. भरतीला बसणाऱ्या पोरांना, पात्रतेच्या आकड्यांबरोबर, काय खावं याचं एक पान द्या. लिहून मी देते, फुकट.

आणि माझ्या नमुन्याचा अहवाल साध्या टपालाने पाठवलात तरी चालेल. आमचा पोस्टमन दुपारी आमच्याकडेच जेवतो.

आपली,
मालवण तालुक्यातली एक परवानाधारक खाणावळवाली