मॉलीचा आरसा

कोल्हापूर,
रविवार, रात्रीचे पावणेदोन

प्रिय अव्या,

तुझा प्लेस्टेशन धडधाकट आहे. आधी तेवढं सांगते, म्हणजे पुढचं पत्र निवांत वाचशील. आईनं त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातलाय. तो तापतो म्हणून मी रुमाल काढते, धूळ बसते म्हणून ती परत घालते. आमचं चाललंय.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा दरोडेखोरांच्या टोळीचा खेळ काल दुसऱ्यांदा संपवला. पहिल्या खेपेला तुझं ऐकलं होतं. "कॅम्पात रेंगाळू नकोस, मिशन्स उरक." उरकली. घोडे पळवले, गाड्या लुटल्या, ज्याच्या रूपात आपण खेळतो तो आर्थर मेला तेव्हा रीतसर रडले. या खेपेला मात्र कॅम्पातच ठिय्या मारला, आणि आता तुझ्याशी भांडायचंय: टोळीतल्या बायकांकडं आपण कधी पाहिलंच नाही.

तू म्हणशील, सेडी अ‍ॅडलर आहे की. आहे. पण तिच्याकडे लक्ष कधी गेलं सांग? तिनं पॅन्ट घालून रायफल उचलली तेव्हा. त्याआधी ती आचारी पिअर्सनच्या टेबलाशी भाजी चिरत होती, तेव्हा तू तिच्याशी एक शब्द तरी बोलला होतास का? मीही नव्हते बोलले.

कॅम्पात आर्थरला कामं करता येतात. लाकडं फोडायची, पाण्याच्या बादल्या न्यायच्या, पोती उचलायची, गवताचे भारे हलवायचे. शेजारी टिली, कॅरन, मेरी-बेथ कपडे धूत असतात, शिवत असतात. तिथं जाऊन मी बटणं दाबून पाहिली. काही होत नाही. नमस्कार करता येतो नाहीतर खोडी काढता येते. एवढा अवाढव्य खेळ, घोड्याला खरारा करता येतो, पण सदरा पिळता येत नाही!

आणि सुसान ग्रिमशॉ. आपण दोघं तिला ‘मुकादमीण’ म्हणून हसायचो. आर्थर मळका फिरला की झापणारी, पोरींच्या मागं सतत कटकट करणारी. पण त्या टोळीचं बिऱ्हाड डोंगरातून उठून दलदलीत आणि तिथून परत जंगलात हलतं, तेव्हा ते लावतं कोण? म्होरक्या डच भाषणं ठोकतो. तंबू, भांडी, पोरींची राहुटी, सगळं बाई बघतात. आमच्या आत्याच्या लग्नात काकूनं भटारखाना सांभाळला होता, तिचा आख्ख्या व्हिडिओत फक्त पाठमोरा पदर दिसतो. तसलाच प्रकार.

बाईंना देवी करायला मी निघालेले नाही हं. डचच्या मॉलीचं काय केलं त्यांनी, आठवतंय ना? टोळी ग्वार्मा बेटाहून परतते, मॉली दारूच्या नशेत येते आणि किंचाळते, की मागावरच्या पिंकर्टनवाल्या गुप्तहेरांना टोळीची खबर मीच दिली. डच पिस्तूल काढतो, आर्थर मध्ये पडतो. आणि गोळी घालतात ग्रिमशॉबाई. टोळीचा नियम म्हणून. पुढं पिंकर्टनचा मिल्टन आर्थरला सांगतो, की मॉलीच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं, फितूर होता टोळीतला मायका. शेवटी आर्थर सगळ्यांसमोर मायकाचं नाव घेतो, तेव्हा याच बाई बंदूक घेऊन त्याच्या बाजूनं उभ्या राहतात आणि मायकाच्या गोळीनं जातात. या दोन मरणांच्या मधलं बाईंच्या मनातलं खेळात कुठंच नाही. आपण मॉलीला उगाच मारलं हे कळल्यावर त्या कुठं बसल्या असतील, कुणाशी बोलल्या असतील? मी कॅम्पभर शोधत हिंडले. वेडेपणा, माहीत आहे.

मॉली डब्लिनच्या सुखवस्तू घरातली. डचसाठी सगळं सोडून आलेली, आणि डचचा डोळा मेरी-बेथवर. पहिल्यांदा ती मला नुसती नखरेल वाटली होती. या खेपेला तिनं आर्थरकडं एक वस्तू मागितली. खिशात मावेल एवढा आरसा. मेरी-बेथनं शाईचं पेन मागितलं होतं, आणि पुढं १९०७ मध्ये ती व्हॅलेंटाइनच्या स्टेशनवर भेटते तेव्हा टोपणनावानं कादंबऱ्या लिहीत असते. पेनाचं सोनं झालं. आरशाचं काय होणार होतं?

मेलेल्या सोबत्यांच्या थडग्यांना भेट दिली की एक ट्रॉफी मिळते, ती मी मिळवली. नऊ थडगी. ग्रिमशॉबाईंचं आहे. जेनी कर्कचंही आहे, जी खेळ सुरू व्हायच्या आधीच मेलेली आहे. मॉलीचं नाही. नकाशा तीनदा चाळला.

आता टिली. हे तू नीट वाच, कारण पहिल्या भागावर तुझा फार जीव. २०१० साली आलेल्या त्या खेळात शेवटी, १९१४ मध्ये, आपण जॉनचा पोरगा जॅक होऊन बापाचा जीव घेणाऱ्या रॉसला गाठतो. तो जॅक वाचला कसा? दुसऱ्या भागात त्याच्या आईला, अबिगेलला, पिंकर्टनवाले उचलून नेतात तेव्हा पोराला घेऊन टिली निसटते. आर्थर तिच्या हातात पैसे देतो, जा म्हणतो, की निघाली. ना गोळीबार, ना पार्श्वसंगीत. अर्थात आधीचा भाग लिहिताना टिली कुणाच्या डोक्यातही नसणार, ती २०१८ ला आली. तरी मला आता जॅक दिसला की आधी टिलीच आठवते.

आणि पहिल्या भागातली बॉनी मॅकफार्लन! जखमी जॉनला उचलून आणते, डॉक्टरचे १५ डॉलर भरते, गुरं वळायला शिकवते. आपण काय केलं? शिकून झाल्यावर तिच्या गोठ्याकडं फिरकलोसुद्धा नाही. असो. कॅरनवर लिहायला घेतलं तर उजाडेल.

शेवटचं. तुझा जुना सेव्ह मी पुसलेला नाही, पण परवा उघडून पाहिला, रागावू नकोस. तिसऱ्या अंकात थांबलायस, क्लेमेन्स पॉइंटच्या कॅम्पात. मॉली तळ्याकाठी एकटी उभी होती. तुझी झोळी उघडली तर त्यात आरसा. कधी सापडला होता कुणास ठाऊक, दिलाच नाहीस.

मी हात लावलेला नाही. दिवाळीला येशील तेव्हा तूच दे.

तुझी,
संपदा