बॉयलर पेटवताना हूटरकडेही बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

दसरा जवळ आला की आपल्या पेपरात बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो सुरू होतात, चेअरमन, स्वामीजी, संचालक मंडळ, हातात नारळ. चांगलंच आहे, बेळगाव जिल्ह्यात किती घरं कारखान्याच्या भोंग्यावर उठतात. पण मी चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्याच्या कोजनला (चोयट्यावर वीज करणारा विभाग) २२ वर्षं कंट्रोल पॅनेलवर काढली, आता रिटायर आहे, त्यामुळं फोटोत कधी न येणाऱ्या एका गोष्टीवर लिहितोय, कंट्रोल रूममधला अलार्म.

बाहेरच्याला वाटतं अलार्म वाजला की सगळे पळत सुटत असतील. आमच्या हूटरच्या, म्हणजे अलार्मच्या भोंग्याच्या, तोंडात कॉटन वेस्ट कोंबलेलं होतं आणि वरून काळी टेप. कुणी कोंबलं विचारू नका, तिन्ही पाळ्यांचा हात आहे त्यात. कारण एका फॅनच्या बेअरिंगचा अलार्म ७५ डिग्रीला लावलेला आणि फॅन चालायचाच ७४ ते ७६ वर, मग रात्रभर वाजतंय, थांबतंय, परत वाजतंय, शेवटी बोट स्क्रीन न बघताच ॲक्नॉलेज, म्हणजे ‘अलार्म बघितला’ हे बटण, दाबायला लागतं. इलाज अर्ध्या तासाचा होता. ७५ ला वाज, पण ७२ च्या खाली उतरल्याशिवाय जाऊ नको असं सिस्टीमला सांगायचं, डेडबँड म्हणतात त्याला, आणि बेअरिंग गरम का चालतंय ते मेकॅनिकलवाल्यांनी बघायचं. दोन सीझन गेले, कुणी केलं नाही.

जुन्या पॅनेलवर अलार्मच्या काचेच्या खिडक्या असायच्या. एक खिडकी वाढवायची तर वायर ओढा, खर्च दाखवा, साहेबाची सही घ्या, म्हणून माणूस विचार करून वाढवायचा. डीसीएस, म्हणजे कॉम्प्युटरवरची कंट्रोल सिस्टीम, आलं आणि अलार्म फुकट झाला, एक टिक मारली की झाला. पंप चालू झाला, अलार्म. पंप बंद केला (मीच केला हो!), तरी अलार्म. अहो हे नुसते मेसेज, यांची यादी वेगळी ठेवा, आवाज नको. ज्यावर ऑपरेटरला हात हलवायचा नाही तो अलार्मच नव्हे.

आणि मेसेज तरी कसले, ‘बीएफडब्ल्यू एचडीआर पीआर एलओ’. आमच्या पाळीत निम्मे मराठी निम्मे कन्नड, एकमेकांत आमचं कधी अडलं नाही, अडलं ते इथं. ‘फीड वॉटरचं प्रेशर कमी, स्टँडबाय पंप बघ’ एवढं कुणालाही कळेल अशा भाषेत लिहायला काय जातं?

एका फेब्रुवारीत रात्रपाळीला पहाटे तीनला टर्बाइन ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, आणि स्क्रीन वरपासून खालपर्यंत लाल. मी दाबतोय ॲक्नॉलेज, दाबतोय, पान भरतंच आहे. त्यातच बॉयलरला पाणी देणारा फीड पंप बंद पडल्याची एक ओळ होती, ती गेली दुसऱ्या पानावर, ऑइल फिल्टर आणि कसल्या कसल्या ओळींच्या खाली. बॉयलरच्या ड्रमजवळ (पाण्याची वरची टाकी) पाण्याच्या काचेवर नजर ठेवणाऱ्या पोराचा फोन आला, “अण्णा, काचेतलं पाणी खाली जाऊलालंय की, काय बघूलालास तू?” त्याच्यामुळं वाचलो. ड्रममध्ये पाणी नसताना खाली आग चालू राहिली तर नळ्या जळतात, आणि तसल्या तापलेल्यात घाबरून पाणी सोडलं तर विचारूच नका. मेमो मात्र मला आला, ‘अलार्मकडे दुर्लक्ष’.

हे काय आमच्याकडंच होतं असं नाही. २४ जुलै १९९४ ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला, २६ जण जखमी, आणि त्याच्या आधीच्या शेवटच्या जवळजवळ ११ मिनिटांत दोन ऑपरेटरवर २७५ अलार्म पडलेले. त्यातून धडा घेऊन १९९९ ला तिकडं ‘ईमुआ १९१’ नावाची गाइड निघाली. तिच्या हिशोबानं एका माणसाला १० मिनिटांत सरासरी एक अलार्म झेपतो, १० मिनिटांत १० च्या वर गेले की अलार्मचा पूर समजायचा. पुढं २०१४ ला ‘आयईसी ६२६८२’ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्डही आलं. मी त्या रात्री मोजले नाहीत, मोजायला वेळ कुठं होता.

आपल्याकडं ऑफ सीझनला मिलचे रोलर उघडतात, टर्बाइन उघडतात, व्हॉल्व्हला ग्रीस घालतात, पण अलार्मची यादी कोण उघडत नाही. ऑपरेटर, इन्स्ट्रुमेंटवाले आणि प्रोसेसवाले चार दिवस एकत्र बसले तरी निम्मी यादी साफ होईल. आणि रिपेअरीसाठी तात्पुरते बंद ठेवलेले अलार्म पाळीच्या रजिस्टरात लिहायला लावा, आमच्याकडं असा एक अलार्म डिसेंबरात बंद केला तो एप्रिलला पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, सापडला.

संपादक साहेब, यंदा तुमचा वार्ताहर प्रदीपनाच्या फोटोला गेला की त्याला पेढा खाऊन झाल्यावर जिना चढून कंट्रोल रूममध्ये पाठवा, आणि हूटरच्या तोंडात बोट घालून बघायला सांगा.

आपला,
एक निवृत्त पॅनेल ऑपरेटर,
ता. चिकोडी, जि. बेळगाव