केस गळण्याच्या दिवसांत डोक्याला सुती कापडच बरे

संपादक महोदय,

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या परिसरात केमोथेरपी घेणारे अनेक रुग्ण डोक्याला चकचकीत सिंथेटिक रुमाल बांधून बसलेले दिसतात. मुंबईच्या दमट हवेत त्यांना काय सोसावे लागत असेल, हे आईच्या आजारपणामुळे मी जाणतो.

केमोथेरपीच्या काही औषधांनी पहिल्या मात्रेनंतर साधारण २ ते ३ आठवड्यांत केस गळू लागतात आणि त्याच सुमारास डोक्याची त्वचा इतकी हुळहुळी होते की टोपीच्या आतली शिवणही टोचते. आम्ही हौसेने आणलेला कृत्रिम केसांचा टोप मे महिन्यात तासभरही डोक्यावर टिकला नाही. शेवटी उपयोगी पडले ते आईच्याच जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे सुमारे एक मीटर चौरस फडके. सुती कापड घाम शोषते आणि गुळगुळीत कापडासारखे घसरत नाही, त्यामुळे ते करकचून आवळावे लागत नाही. टोप वापरायचाच असेल, तर त्याखाली पातळ सुती टोपी घालावी. रात्री वातानुकूलित खोलीत उघड्या डोक्याला गारवा बोचतो, तेव्हाही हीच टोपी कामी येते.

दादरच्या बाजारात असे कापड सहज मिळते. मात्र केस जाण्यापूर्वीच ते आणून ठेवावे, कारण नंतर रुग्णाला बाहेर पडण्याचेही त्राण नसते. उपचारांपूर्वीच्या समुपदेशनात परिचारिकांनी औषधांच्या यादीबरोबर एवढे सांगितले, तरी पुष्कळ आहे.

– एक वाचक, दादर, मुंबई